खाडा न करणाऱ्या कोंबड्या

खुराड्यात चाळीस कोंबड्या होत्या आणि त्या सकाळी घरट्यांमध्ये चाळीस अंडी होती.

केतकी खैरनारने ती दोनदा मोजली. पहिल्या दोन रांगांत दहा-दहा, तिसऱ्या रांगेत अकरा, चौथ्या रांगेत नऊ. चौथ्या रांगेतली एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, रोजच्यासारखी शेजारच्या रांगेतल्या घरट्यात अंडे घालून आली होती. एकही अंडे मऊ कवचाचे नव्हते, एकही तडकलेले नव्हते. सरासरी वजन साठ ग्रॅम भरले. वर्षापूर्वी याच जातीच्या आणि याच वयाच्या कोंबड्यांची अंडी छप्पन्न ग्रॅमची असत, आणि चाळिसांतून रोज चौतीस-पस्तीसच मिळत.

'अगस्ती' यान सूर्यमाला मागे टाकून निघाले त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. यानावर एकशे बारा माणसे राहत होती. बाहेर उगवणारा किंवा मावळणारा सूर्य नव्हता, आणि पृथ्वीचे संदेश केतकीच्या जन्माआधीच येईनासे झाले होते. सोळा तास दिवे म्हणजे दिवस आणि आठ तास अंधार म्हणजे रात्र. हे यानाच्या मुख्य कालमापकाने ठरवायचे आणि माणसांनी, भाज्यांनी व कोंबड्यांनी पाळायचे, अशी पद्धत होती. यानावर स्वतंत्र घड्याळ कोणाकडेच नव्हते. भिंतींवरचे, यंत्रांवरचे, दवाखान्यातले सगळे आकडे त्या एका कालमापकाकडून येत.

अंडी वाढल्याचा सगळ्यांना आनंद होता. पूर्वी ती फक्त मुलांना आणि गर्भवतींना मिळत. आता आजारी माणसांनाही मिळू लागली होती. मागच्या सभेत केतकीसाठी टाळ्या वाजल्या. तिने वर्षभरापूर्वी वाळवलेल्या कवचांचा चुरा खाद्यात मिसळायला सुरुवात केली होती, म्हणून श्रेय त्या चुऱ्याला आणि पर्यायाने तिला मिळाले. तिने ते घेतलेही.

पण एक गोष्ट तिला पटत नव्हती. चुऱ्याने कवच जाड होईल, अंडे थोडे जड होईल. चुऱ्याने कोंबडीचा खाडा बंद होणार नाही. कोणतीही कोंबडी काही दिवस सलग अंडी देते आणि मग एक दिवस देत नाही. कामावरच्या माणसासारखा तिचाही एक खाडा पडतो. या चाळीस कोंबड्यांपैकी जवळजवळ कोणीच गेले कित्येक महिने खाडा केला नव्हता. चांगल्या बातमीची चौकशी करायला कोणी सांगत नाही, आणि तिनेही ती केली नव्हती.

अंडी टोपलीत रचून होत होती तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला. डॉक्टरांनी तिला लगेच बोलावले होते.

मंजिरी, म्हणजे केतकीची थोरली बहीण, खाटेवर डाव्या कुशीवर पडली होती. तिचे पाय सुजले होते आणि खोलीतला दिवा मंद केलेला होता. उजेडाने तिचे डोके ठणकत होते आणि डोळ्यांसमोर ठिणग्या दिसत होत्या. तिचा नवरा सुबोध शेलार उशाशी उभा होता. तो यानाच्या कालमापन विभागाचा अभियंता होता आणि एरवी फार बोलका; आज तो मंजिरीच्या हातावरचा पट्टा नीट करण्यातच गुंतला होता.

डॉ. मुजावर यांनी केतकीला आणि सुबोधला बाजूच्या खोलीत नेले. सत्तरीला आलेला हा माणूस यानावरचा एकमेव डॉक्टर होता. या दोघांचाही जन्म त्यांच्याच हातून झाला होता, त्यामुळे ते त्यांच्याशी लपवाछपवी करत नसत. त्यांनी सांगितले की मंजिरीचा रक्तदाब एकशे साठवर एकशे दहा झाला आहे आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. गरोदरपणातल्या या विकारावर उपाय एकच, तो म्हणजे बाळंतपण. थांबलो तर तिला झटके येऊ शकतात आणि त्यात ती जाऊ शकते.

मग थांबायचे कशाला, असे केतकीने विचारले.

"कारण तेहेतीस आठवडे आणि चारच दिवस झालेत," डॉक्टर म्हणाले. "या बाळाची फुप्फुसं तयार नाहीत. श्वास घेताना छाती आत ओढली जाईल, मिनिटाला साठाच्या वर श्वास जातील, आणि थोड्या वेळाने बाळ दमेल. नवजात बाळांचं श्वासयंत्र माझ्याकडे होतं. मागच्या वर्षी ते गेलं, तुम्हाला माहीत आहे. नळी घालून मी हाताने हवा देऊ शकतो, पण किती वेळ देणार?"

त्यांनी ठरवले होते ते असे: रक्तदाब उतरवायची औषधे द्यायची, झटके रोखायचे औषध चालू करायचे आणि दोन आठवडे काढायचे. त्यात आईला धोका होता, तो त्यांनी स्पष्ट सांगितला. आत्ता बाळंतपण केले तर बाळाला धोका होता. दोन्हींपैकी कमी वाईट कोणते, एवढाच प्रश्न होता.

तारखेबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. यानावर मूल हवे असेल तर सभेची परवानगी लागे, आणि ती मिळाल्यावर दंडातली गर्भनिरोधक नळी डॉक्टर स्वतः काढत. मंजिरीची नळीही त्यांनीच काढली होती आणि पुढची पाळी कधी आली हेही त्यांना ठाऊक होते. पृथ्वीवरच्या डॉक्टरांना इतकी खात्रीची तारीख क्वचितच मिळत असेल.

"फक्त बाळ तारखेच्या मानाने मोठं आहे," ते पुढे म्हणाले. "सोनोग्राफीत पुष्कळच मोठं दिसतं. हिला साखरेचा त्रास असणार. मी जेवण कमी केलं, पण रक्तातली साखर दर वेळी बरोबरच येते. म्हणजे तपासायचं यंत्रच बिघडलंय. सुबोधला ते दुरुस्त करायला सांगितलंय."

यंत्रच बिघडलंय, हेच वाक्य केतकीने चार महिन्यांपूर्वी म्हटले होते. बाळाऐवजी पिल्ले होती, आणि यंत्र दुसरे होते.

खुराड्यातल्या म्हाताऱ्या कोंबड्यांच्या जागी नव्या लागतात म्हणून ती अधूनमधून अंडी उबवत असे. कोंबडीचे पिल्लू एकविसाव्या दिवशी अंड्यातून बाहेर येते. उबवणी यंत्रातली पहिली खेप मात्र एकोणिसाव्या दिवशी, दिवे मालवायच्या सुमारास फुटली. यंत्र जास्त तापत असले की पिल्ले लवकर बाहेर येतात, हे तिला पाठ होते. तिने तापमापक बिघडला असे ठरवले आणि दुसऱ्या खेपेला उष्णता अर्ध्या अंशाने उतरवली. दुसरी खेप विसाव्या दिवशी फुटली. निम्मी पिल्ले कवचातच मेली आणि उरलेली लुळी निघाली. तेव्हाही तिने दोष यंत्रालाच दिला होता.

आता तिला पहिल्या खेपेची पिल्ले आठवली. जास्त उष्णतेने घाईत बाहेर आलेल्या पिल्लाची नाभी उघडी राहते, ते लहान आणि चिकट असते. तिची पहिली पिल्ले कोरडी होती, गुबगुबीत होती, आणि प्रत्येकाची नाभी नीट मिटलेली होती. तिने ती स्वतः हातात घेऊन पाहिली होती. ती घाईत आलेली पिल्ले नव्हती. ती वेळेवर आलेली पिल्ले होती.

तिने डॉक्टरांना तासभर थांबायची विनंती केली आणि त्यांचा तापमापक मागून घेतला.

"ताप कोणाला आलाय?" डॉक्टरांनी विचारले.

"कोणालाच नाही," ती म्हणाली. "तेच बघायचंय."

खुराड्यात येऊन तिने डॉक्टरांचा तापमापक उबवणी यंत्रात ठेवला. तो स्थिर झाल्यावर दोन्ही आकडे ताडून पाहिले. फरक नव्हता. यंत्राचा तापमापक बिघडलेला नव्हता, चार महिन्यांपूर्वीही नसणार. मग तिने सकाळची पाच अंडी फोडली, आतला पडदा सोलून कवचाची जाडी सूक्ष्ममापकाने मोजली, आणि ते तुकडे खिशात घालून दवाखान्याकडे निघाली. तिला पळावेसे वाटत होते. अरुंद मार्गिकेत समोरून भाज्यांची ढकलगाडी येत होती, तिला वाट द्यायला केतकी भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्या वेळात तिने मनात एक भागाकार केला आणि मग तोच पुन्हा केला.

दवाखान्याच्या बाजूच्या खोलीत तिने कवचाचे तुकडे टेबलावर ठेवले आणि आपला दिवस चोवीस तासांचा नाही, असे सांगितले.

सुबोध हसला. बहुधा त्या दिवसातले त्याचे पहिले हसू असावे. "मेव्हणीबाई, माझ्या खात्यात कोंबड्या कधीपासून आल्या?"

"त्यांना तुमचं घड्याळ दिसत नाही भावोजी, म्हणून आल्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुबोधला गप्प केले आणि केतकीला पहिल्यापासून सांगायला लावले. तिने सांगितले ते असे. कोंबडीला उजेड डोळ्यांनी दिसतो तसा कवटीतूनही कळतो. मेंदूच्या तळाशी उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पातळ हाडातून आत शिरणारा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचतो; आंधळ्या कोंबडीलाही दिवस केव्हा लांबला ते समजते. दिवस पुरेसा लांब असला तरच ती अंड्यावर येते. पण उजेड आणखी एक काम करतो. अंडाशयातून बलक सुटण्याचा इशारा मेंदू चोवीस तासांत केव्हाही देत नाही. अंधार पडल्यापासून मोजलेल्या काही ठरावीक तासांतच तो देतो. जणू रात्री एक दार काही वेळ उघडते आणि बंद होते.

"आणि अंडं तयार व्हायला?" डॉक्टरांनी विचारले.

"साधारण पंचवीस तास लागतात. म्हणजे दिवसापेक्षा एक तास जास्त. त्यामुळे कोंबडी रोज तासभर उशिरा अंडं घालते. आज सकाळी, उद्या जरा उशिरा, परवा दुपारी. उशीर साठत जातो आणि एके दिवशी तिचा इशारा दार बंद झाल्यावर येतो. तो दिवस खाली जातो. तोच खाडा. दुसऱ्या रात्री दार उघडलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते."

"आणि तुझ्या कोंबड्या खाडा करत नाहीत."

"आठ-नऊ महिने तरी नाही. दिवस पंचवीस तासांहून मोठा असला तर उशीर साठतच नाही. दार उघडायच्या आधीच कोंबडी तयार असते आणि त्याची वाट बघत बसते."

सुबोध आता हसत नव्हता, पण त्याला हे मान्यही नव्हते. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. यानावर दोन पिढ्या निवडून निवडून जास्त अंडी देणाऱ्याच कोंबड्या वाढवल्या गेल्या होत्या. पंचवीसऐवजी चोवीस तासांतच अंडे तयार करणारी कोंबडी या निवडीतून निघाली असेल तर तीही खाडा करणार नाही. मग दोष घड्याळाला कशाला द्यायचा?

केतकीने टेबलावरचा एक तुकडा त्याच्या हातात दिला. घाईने तयार झालेल्या अंड्याला कवचासाठी वेळ कमी मिळतो, ती म्हणाली, ते पातळ निघते आणि अंडे हलके भरते. हे कवच पूर्वी मिलिमीटरच्या चौतीस शतांश जाड असायचे, आता सदतीस आहे. अंडे चार ग्रॅमने जड आहे. थोडे श्रेय चुऱ्याचे असेल, पण हे अंडे आत कमी नाही, जास्त वेळ राहिलेले आहे. मग तिने उबवणी यंत्राची हकीकत सांगितली. आपण अर्धा अंश उतरवून निम्मी पिल्ले मारली हेही तिने सांगितले. उबवणी यंत्रात दिवे नसतात. पिल्लाला रात्र माहीत नसते, फक्त ऊब माहीत असते. त्याला एकवीस दिवसांचे तास लागतात म्हणजे लागतातच.

"घड्याळ चुकलेलं नाही," सुबोध म्हणाला. "मी रोज सकाळी मुख्य कालमापक तपासतो. अब्जांशाची चूक नाही."

"रात्री?"

"रात्री काय?"

"रात्रीही तोच चालू असतो का?"

सुबोध उत्तर द्यायला गेला आणि थांबला.

तो थांबला कारण रात्री तो चालू नसतो. वर्षापूर्वी यानाच्या दोन ऊर्जाकुंडांपैकी एक बंद पडले तेव्हा सभेने प्रत्येक विभागाला रात्रीची काहीतरी बचत दाखवायला सांगितली होती. कोणालाही सूट नव्हती. स्वयंपाकघराने शीतकपाटे कमी केली, वस्त्रविभागाने यंत्रे बंद ठेवली. कालमापन विभागाकडे बंद करण्यासारखी एकच गोष्ट होती: मुख्य कालमापकाची तापकोठी, जी सतत गरम ठेवावी लागे. बचत नगण्य होती, पण सभेपुढे रिकाम्या हाताने जाता येत नव्हते. म्हणून सुबोधने अशी व्यवस्था केली की दिवे मालवले की मुख्य कालमापक निजावा आणि सकाळपर्यंत राखीव कंपकाचे ठोके मोजले जावेत. उजाडले की मुख्य पुन्हा जागा होई. तापकोठी जुनी असली तरी एका रात्रीत फार निवत नसे. म्हणून सकाळच्या तपासणीत सगळे बरोबर दिसे.

तो खुर्चीवर बसला आणि बोटांनी टेबलावर काहीतरी मांडू लागला. डॉक्टरांनी त्याला बोलू दिले नाही. त्यांनी दोन पाट्या आणल्या, एक केतकीला दिली आणि एक सुबोधला, आणि दोघांना खोलीच्या दोन टोकांना बसवले. केतकीने फक्त पिल्लांवरून आणि सुबोधने फक्त कंपकांवरून, यानाचा एक दिवस खऱ्या किती तासांचा आहे ते लिहायचे, आणि एकमेकांकडे बघायचे नाही, असे त्यांनी बजावले.

"परीक्षा घेताय का?" सुबोधने विचारले.

"हो," डॉक्टर म्हणाले. "माझी. मला ठरवायचंय."

केतकीचा भागाकार आधीच झालेला होता. एकवीस दिवसांचे पाचशे चार तास; पिल्ले बाहेर आली तेव्हा यानाचे अठरा दिवस आणि एका दिवसाचा दोन-तृतीयांश भाग झाला होता. सुबोधला थोडा वेळ लागला. डॉक्टरांनी दोन्ही पाट्या उचलल्या, दिव्याखाली नेल्या आणि आकडे पुन्हा वाचले. मग त्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. दोन्हींवर सत्तावीस लिहिले होते.

सुबोधने हळू आवाजात सांगितले. मुख्य कालमापकाचा स्फटिक सेकंदाला अकरा कोटी वेळा कंप पावतो आणि मोजणीयंत्र अकरा कोटी कंपनांना एक सेकंद म्हणते. राखीव कंपक सेकंदाला आठ कोटी वेळाच कंप पावतो. ठोके बदलताना मोजणीचा भाजक बदलायला हवा होता. तो बदलला नव्हता.

"म्हणजे रात्रीचे आठ तास," तो म्हणाला, "अकरा तासांचे आहेत. गेलं वर्षभर. रात्रीचं प्रत्येक मिनिट तेवढ्याच पटीत लांब आहे." मग तो म्हणाला, "मंजिरी मला सांगत होती."

डॉक्टरांनी स्वतः गुणाकार केला. तेहेतीस आठवडे आणि चार दिवस म्हणजे यानाचे दोनशे पस्तीस दिवस. सत्तावीस तासांच्या हिशेबाने ते खरे दोनशे चौसष्ट दिवस होत होते: सदतीस आठवडे आणि पाच दिवस. बाळ तारखेच्या मानाने मोठे नव्हते. मंजिरीला साखरेचा काही त्रास नव्हता. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आईला आणखी दोन आठवडे झटक्यांच्या तोंडावर ठेवायला ते निघाले होते.

तरी त्यांनी आणखी एक खात्री करून घेतली. पिल्लाची जशी नाभी, तसा बाळाचा गुडघा, असे त्यांनी केतकीला समजावले. मांडीच्या हाडाच्या टोकाला हाड धरू लागल्याचा एक ठिपका आधी दिसतो. नडगीच्या वरच्या टोकाचा दुसरा ठिपका पूर्ण दिवसांच्या जवळ गेल्यावरच दिसतो. त्यांनी तो कधी शोधला नव्हता, कारण तारीख माहीत असल्यावर गुडघ्यात बघायचे कारण नव्हते. मंजिरीच्या पोटावर यंत्र फिरवताना त्यांचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला. मग पडद्यावर नडगीच्या टोकाशी एक लहानसा पांढरा ठिपका दिसला. लहान होता, पण होता. ठिपक्यावरून फुप्फुसांची शपथ घेता येत नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

आता निर्णय मंजिरीचा होता. डॉक्टरांनी तिला सगळे सांगितले, कोंबड्यांपासून भाजकापर्यंत. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मी वर्षभर सांगत्येय रात्र सरत नाही म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही मला झोपेची गोळी दिलीत. हा म्हणाला, घोरणं ऐकू येऊ नये म्हणून कानात बोळे घाल. आता कोंबडीने सांगितलं तेव्हा पटलं होय?"

मग तिने डोळे उघडले आणि बहिणीकडे पाहिले.

"केतके, तुझी खात्री आहे?"

"दिवसाची आहे," केतकी म्हणाली. "फुप्फुसांची कोणालाच नाही."

मंजिरीने डॉक्टरांकडे मान वळवली. "मग करा. दोन आठवड्यांनी मी नसले तर खात्री कोणाला सांगाल?"

झटके रोखायचे औषध आणि कळा आणायचे औषध दुपारी एकदमच सुरू झाले. सुबोधने मुख्य कालमापकाची तापकोठी सतत चालू ठेवायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण जुन्या व्यवस्थेतून बाहेर पडायला मोजणीयंत्र पूर्ण थांबवावे लागणार होते. हवा आणि पाण्याची यंत्रेही त्याच ठोक्यांवर चालत असल्यामुळे ते काम एका दिवसात होणारे नव्हते. त्या रात्रीही यान राखीव कंपकावरच जाणार होते. सभेला अजून बरेच काही सांगायचे होते. यानावरच्या प्रत्येकाचे वय चुकलेले होते, रोज घ्यायची औषधे रोज घेतली जात नव्हती, भाज्यांच्या लागवडीची गणिते पुन्हा मांडावी लागणार होती. सुबोध म्हणाला, ते उद्या.

पहिलटकरणीला लागतो तसा वेळ लागला. दिवे मालवले गेले. मार्गिका थंड पडल्या. केतकी बहिणीच्या डोक्याशी बसून तिच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती. मंजिरी मध्येच विचारी किती वाजले, आणि केतकी भिंतीकडे न बघता सांगे की कोणाला माहीत. एकदा मंजिरी त्यावर हसली, आणि लगेच कळ आली. रक्तदाब एकदा एकशे सत्तरपर्यंत चढला. डॉक्टरांनी औषध वाढवले आणि तो उतरण्याची वाट बघत ते खाटेचा कठडा धरून उभे राहिले. तो उतरला.

मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. डॉक्टरांनी तिची पाठ चोळली, तोंड पुसले, आणि मग ती रडली, बारीक आवाजात आणि तुटक. त्यांनी तिला उबदार तबकात ठेवले. वजन दोन किलो नऊशे वीस ग्रॅम भरले. त्यांनी छातीवर श्वासमापकाची चकती चिकटवली आणि नळीचे पाकीट उघडून हाताशी ठेवले. सुबोध मंजिरीचा हात धरून होता आणि त्याचे डोळे तबकावर होते.

श्वासमापकाने एक मिनिट मोजले. पडद्यावर आकडा आला: सहासष्ट.

डॉक्टरांनी नळी उचलली. पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांचा हात बाळाच्या हनुवटीपाशी गेला सुद्धा. मंजिरीने मान उचलून काय झाले ते विचारले.

"डॉक्टर, थांबा," केतकी म्हणाली. "रात्र आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिले.

"हे मिनिट लांब आहे. अकराने भागा, आठाने गुणा."

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. त्यांनी बाळाच्या छातीकडे निरखून पाहिले. फासळ्या आत ओढल्या जात नव्हत्या, नाकपुड्या फुलत नव्हत्या, ओठ गुलाबी होते. त्यांनी नळी खाली ठेवली, पाटी ओढून घेतली आणि आकडा मांडला.

श्वास मिनिटाला अठ्ठेचाळीस.